हिडी, बिडी आणि जस्ताची भिंत

मी काय काम केलं असं कुणी विचारलं, तर 'बांधकामावर होते' एवढंच सांगते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं वाळू, सिमेंट आणि पाटी येते आणि तो पुढं काही विचारत नाही. ते मला बरं पडतं. खरं तर पाटी मी थोडीच वर्षं उचलली. नंतरची सगळी वर्षं काच आणि पत्र्यात गेली. पण ते सांगायला बसलं की लांबतं, आणि चार माणसांत लांबण लावणं मला कधी जमलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. तरी बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं. कागद मध्येच तोंडाकडं बघत नाही.

माहेर निपाणीचं. आमच्या गल्लीत शाळा सुटलेली मुलगी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसायची. मीही बसले. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. लग्न होऊन बेळगावजवळच्या गावात आले, तिथं बिडीचं काम नव्हतं. आमचे मालक, म्हणजे नवरा, गवंड्यांच्या हाताखाली होते, त्यांच्यामागून मी बांधकामावर गेले. पुढं एका मुकादमानं माझी बोटं बघितली आणि मला काच पुसायला घेतलं. बोटं हलकी चालतात म्हणाला. तेव्हापासून काचेची झाले.

बेळगावच्या बाहेर माळावर एका विद्यापीठाची नवी इमारत उभी राहत होती. तिथं मी पहिल्यांदा झिंक बघितलं. सगळी बाहेरची भिंत झिंकची आणि मधे मधे मोठाल्या काचा, असं ते काम होतं. मुकादमानं 'झिंकचं काम हाय' असं सांगितलं तेव्हा मला काही उमगलं नाही. मी चंपाक्काला विचारलं. चंपाक्का माझ्याबरोबरची, वयानं मोठी, चिकोडीकडची. घरात मराठी, पण लहानपण कानडी शेजारात गेलेलं, त्यामुळं तिला दोन्ही सारखंच यायचं. मला कानडी येतं ते बाजारापुरतं. भाजी केवढ्याला, बस कुठली, आणि जरा सरकून बसा.

"झिंक म्हंजे जस्त गं," चंपाक्का म्हणाली. "जस्ताची बादली आसती बग, तसलं."

"एवढ्या मोठ्या कॉलेजला बादलीचा पत्रा?"

"लावू देत की. घर त्यांचं, बादली त्यांची."

नंतर कळलं की बादलीला नुसता जस्ताचा मुलामा असतो आणि आत लोखंड असतं. हे सगळंच जस्त होतं. रंग ढगाळ दिवसासारखा. चकाकत नाही आणि चकाकू नये अशीच त्याची रीत. पत्र्याच्या लांब पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या कडा शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि एकीवर दुसरी मुडपायची. वरून खिळा दिसत नाही, भोक दिसत नाही. पाणी आत जायला वाट नसते. बिडीचं तोंड मुडपतात तसंच ते मला वाटायचं, फक्त इथं मुडपायला यंत्र होतं आणि ते पुरुषांच्या हातात होतं.

आम्हा बायकांकडं फिल्मचं काम. पत्र्यावर कारखान्यातूनच पातळ प्लास्टिक चिकटवून येतं, त्याला फिल्म म्हणतात. पट्टी भिंतीवर बसली की ती फिल्म लवकर काढावी लागते. उन्हात राहिली तर तिचा डिंक पत्र्याला धरतो आणि मग काही केल्या सुटत नाही. नख लावायचं नाही. कोपरा बोटानं उचलायचा आणि अंगाबरोबर खाली ओढत न्यायचा. हिसका दिला की फाटते, हळू ओढली की डिंक मागं राहतो. मधली एक चाल असते, ती हाताला सापडावी लागते. दिवसभर मान वर करून हे केलं की घरी भाकरी थापताना मान खाली जायची नाही.

दुसरं काम काचेचं. काच बसवल्यावर तिच्या कडेच्या फटीत सिलिकॉन भरतात. ते धरायचं असेल तर कड अगदी स्वच्छ हवी. त्याला दोन फडकी लागतात. एक औषधात भिजवलेलं आणि एक कोरडं. ओलं फिरवलं की ते वाळायच्या आत मागून कोरडं फिरवायचं. एकच फडकं घेतलं तर मळ निघत नाही, नुसता पसरतो. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो वर्षांनी, सिलिकॉन सुटून पाणी आत आल्यावर. तोवर पुसणारी कुठल्या कुठं गेलेली असते. म्हणून या कामात कुणी शाबासकी देत नाही. पाणी आलं नाही म्हणून शाबासकी कोण देणार?

जस्ताला हात लावायचा नाही हा तिथला पहिला नियम. घामाचा डाग लगेच दिसत नाही, आठवड्यानं काळा उठतो. आम्ही हातमोजे घालूनच वर चढायचो. एकदा विद्यापीठाचे एक मोठे साहेब काम बघायला आले. सोबत फोटोवाला होता. साहेबांनी भिंतीशेजारी उभं राहून, आपल्या मालकीच्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, पत्र्यावर पंजा ठेवला आणि फोटो काढून घेतला. त्यांना नको म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही. पुढच्या वेळी ते आले तेव्हा दरवाजाशेजारी पाच बोटांचा काळा पंजा उठला होता.

"हा कुणाचा हात?" साहेबांनी विचारलं.

इंजिनियर पायाकडं बघत होता.

"लेबर लोकांना जरा शिस्त लावा," साहेब म्हणाले आणि आत गेले.

"आता ह्येस्नी आरसा दावावा का पंजा," चंपाक्का माझ्या कानात म्हणाली. मला हसू आवरेना, म्हणून मी बादली घ्यायच्या निमित्तानं खाली बसले. तो पंजा पुसायचा नसतो. पुसला की डाग आणखी पसरतो. जस्त हळूहळू आपणच करडं होतं आणि त्यात डाग विरून जातो. पुढच्या पावसाळ्यानंतर तो पंजा शोधून सापडत नव्हता.

अशा गमती सांगाव्या तेवढ्या थोड्या. पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

काच बसवणाऱ्यांचा मुख्य रेवण्णा. तो म्हैसूरकडचा, त्याला सगळे मेस्त्री म्हणायचे. आधीचे मेस्त्री आम्हाला 'ए' म्हणायचे, नाहीतर 'ए बाई'. एकाला तर आमची नावं शेवटपर्यंत आली नाहीत, तो 'पिवळं लुगडं', 'हिरवं लुगडं' अशी हाक मारायचा. रेवण्णानं पहिल्या दिवशी प्रत्येकीचं नाव विचारलं आणि पुढं 'अक्का' लावलं. चंपाक्का आधीच अक्का होती. मी शालनक्का झाले. तो आम्हाला अहो-जाहो करायचा, तेही कानडीत, जिथं कामावर अहो-जाहो ऐकायची आम्हाला सवयच नव्हती.

"ह्यो मेस्त्री जावई आल्यागत बोलतोय गं," चंपाक्का म्हणायची. "आता ह्येच्यापुढं डोक्यावर पदर घ्यायचा का हेल्मेट?"

त्याचं कानडी ऐकायला मात्र थोडं शिकावं लागलं. कानडीत 'धर' म्हणजे 'हिडी' आणि 'सोड' म्हणजे 'बिडू'. आमच्या बेळगावच्या बाजूला कानडी माणूस आदरानं बोलला की प्रत्येक शब्दाच्या शेवटी 'री' लावतो. धरा म्हणजे 'हिडीरी', सोडा म्हणजे 'बिड्री'. म्हैसूरकडं हा 'री' नाही. रेवण्णा पोरांना धर म्हणताना 'हिडी' म्हणायचा. आम्हाला धरा म्हणताना 'हिडकोळ्ळी'. आणि आम्हाला सोडा म्हणायचं असलं की नुसतं 'बिडी'. तो त्यांच्याकडचा आदराचा शब्द.

पहिल्यांदा त्यानं मला 'बिडी, शालनक्का, बिडी' म्हटलं तेव्हा मला वाटलं, निपाणीची म्हणून हा चिडवतोय. मी हातातलं फडकं आणखी घट्ट धरलं. त्याला ते सोडायला हवं होतं.

"मेस्त्री, ही बिडीच्या गावची हाय," चंपाक्का खालून ओरडली. "हिला बिडी बिडी म्हणू नगासा. सोडायचं सोडून वळत बसंल."

रेवण्णाला मराठी थोडं कळायचं. त्याला निपाणी समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की परांचीच्या पाइपला धरून उभा राहिला. त्यानंतर 'बिडी' म्हटलं की सगळे माझ्याकडं बघायचे. मला लाज वाटायची, पण राग नव्हता.

मग ती जत्रांची वेळ आली. आजूबाजूच्या गावांत जत्रा होत्या आणि निम्मी पोरं सुट्टीवर गेली. काम तर थांबवायचं नव्हतं. काच वर चढवताना तिला खालच्या दोन कोपऱ्यांना दोर बांधतात आणि ते दोर खालून दोघांनी धरायचे असतात. वर गच्चीवर तार गुंडाळणारं यंत्र असतं, ते काच उचलतं. दोरवाल्यांचं काम एवढंच की काच वाऱ्यानं हलून भिंतीवर आपटू नये. काच जागेवर पोचली, वरच्या माणसांनी हातात घेतली, की मेस्त्री सोडा म्हणतो आणि दोर ढिला करायचा. ताकद लागते, पण फार नाही. पोरं नव्हती म्हणून दोरावर आम्हाला उभं केलं. डाव्या दोरावर चंपाक्का, उजव्या दोरावर मी.

काही काचा आम्ही नीट चढवल्या. रेवण्णा वरून 'हिडकोळ्ळी, अक्का' म्हणायचा, आम्ही धरून राहायचो. 'बिडी' म्हणायचा, आम्ही सोडायचो. चंपाक्काला ते काम आवडलं होतं. फिल्मपेक्षा बरं, मान तरी सरळ राहते, म्हणाली.

त्या दिवशी माळावर वारा होता. काच मोठी होती. दोन काचा जोडून केलेली, दाराहून मोठी, आणि वरच्या भागात बारीक पांढरे ठिपके छापलेले. ऊन कमी आत यावं म्हणून ते ठिपके असतात. ती बाहेरून मागवलेली होती. काच वर गेली, जागेच्या जवळ आली. रेवण्णा परांचीवर हात पुढं करून उभा होता. त्याचा हात अजून काचेला लागला नव्हता तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि तो ओरडला. एकच शब्द.

चंपाक्कानं दोर सोडला. मी धरून राहिले.

दोघींनी धरला असता तर काच जागेवर राहिली असती. दोघींनी सोडला असता तर कदाचित नुसती झुलली असती. एकीनं धरला आणि एकीनं सोडला म्हणून ती बिजागरीवर दार फिरावं तशी फिरली. तिची मोकळी बाजू परांचीवर गेली. रेवण्णानं ती अडवायला हात घातला. त्याचा उजवा हात काच आणि पाइपच्या मधे सापडला. मग काच फुटली. अशी काच फुटते तेव्हा तिचे लांब तुकडे होत नाहीत, सगळी एकदम खडीसाखरेसारखी बारीक होते. ती आमच्या हेल्मेटवर आणि खांद्यांवर गारांसारखी पडली. मला लागलं काहीच नाही. मी वर बघितलं तेव्हा दोन पोरं रेवण्णाला धरून खाली बसवत होती. माझ्या हातात दोर तसाच होता. त्याच्या टोकाला काहीच नव्हतं.

त्याला दवाखान्यात नेलं. दोन बोटं चिरडली होती.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. साइटवर पत्र्याच्या डब्यासारखं ऑफिस होतं, तिथं सेफ्टीचे साहेब बसले होते. तरुण, उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त एक गोष्ट ठरवायची होती. मेस्त्रीनं 'धरा' म्हटलं आणि चंपाक्कानं चुकीचं ऐकून सोडलं, का मेस्त्रीनंच चुकून 'सोडा' म्हटलं? चंपाक्काची चूक ठरली तर तिला घालवणार होते, आणि हा ठेकेदार जिथं जिथं काम घेतो तिथं तिचं नाव चालणार नव्हतं. त्या वयात तिला दुसरं काम कोण देणार? मेस्त्रीची चूक ठरली तर त्याचा हात त्याच्याच गळ्यात पडणार होता. स्वतःच्या चुकीनं लागलं म्हणायचं आणि गावी पाठवायचं. हाताशिवाय काच बसवणारा तिथं जाऊन काय करणार?

रेवण्णा दवाखान्यात होता, त्याला औषधाच्या गुंगीत विचारून काही उपयोग नव्हता. चंपाक्कानं आत जाऊन 'सोडा म्हटलं असंच मला वाटलं' एवढं सांगितलं होतं. वरच्या पोरांनी 'वाऱ्यात कळलं नाही' म्हणून हात वर केले होते. राहिले मी.

मुकादम मला बाहेर गाठून म्हणाला, "शालन, हिडी म्हण, विषय संपला. तू धरलंस न्हवं? मग तुला हिडी ऐकू आलं. सरळ हाय."

"आणि चंपाक्का?"

"ती म्हातारी आज हाय उद्या न्हाय. मेस्त्रीला वाचवायचं का न्हाय? तुमास्नी अक्का अक्का करतोय त्यो."

चंपाक्का पायरीवर बसली होती. तिच्या लुगड्याच्या निऱ्यांत अजून काचेचे कण होते, ती ते एकेक काढून बाजूला ठेवत होती. मी जवळ गेले.

"माझी काळजी करू नगो," ती म्हणाली. "ऐकू आलं आसंल ते सांग." मग थोड्या वेळानं हळू म्हणाली, "खरं काय ऐकू आलं गं तुला?"

"काय न्हाय आलं, चंपाक्का."

"मग धरलीस कशी?"

"भ्यालो. वारा आला न्हवं. हात आपोआप आवळला."

तिनं माझ्याकडं बघितलं. "हे आत सांगायला येतंय का तुला?"

ते मला येत नव्हतं. आजवर मी कुठल्याच साहेबासमोर पूर्ण वाक्य बोलले नव्हते. 'व्हय जी' आणि 'न्हाय जी' यावर माझी वर्षं निघाली होती. बोलायला चंपाक्का असायची. आज ती बाहेर पायरीवर होती आणि मी एकटीच आत गेले. मागून मुकादम आला.

आत गार हवेचं यंत्र चालू होतं. साहेबांनी मला खुर्ची दाखवली. मी बसले नाही.

"आपने पकडा," साहेब म्हणाले. "मतलब आपने 'पकडो' सुना. सही?"

मी मराठीतच म्हणाले, "मी भ्यालो सायेब. भ्यालो म्हणून धरलं. काय ऐकलं न्हाय."

मुकादम लगेच हिंदीत म्हणाला, "बोलती है, हां साहब. पकडो सुना, इसलिए पकडा."

साहेबांनी पेन उचललं.

कुणी माझं बोलणं माझ्यादेखत बदललं, असं पहिल्यांदाच झालं नव्हतं. दवाखान्यात, बँकेत, शाळेत, सगळीकडं माझ्या वतीनं कुणीतरी बोलायचं आणि थोडं इकडचं तिकडं करायचं. मी मान हलवायची. त्या दिवशी मान हलली नाही. मी टेबलाची कड धरली.

"नहीं साब," मी म्हणाले. माझं हिंदी बाजारातलं. "सुना नहीं. डर से पकडा."

मुकादम म्हणाला, "घबरा गई है साहब."

"हां," मी म्हणाले. "डर से पकडा. सुना नहीं."

साहेबांनी दोघांकडं बघितलं. "कुछ तो सुना होगा. 'हिडी' या 'बिडी'?"

मी तिसऱ्यांदा तेच म्हणाले. दुसरं वाक्य मला येतच नव्हतं. साहेबांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मुकादम तोंड वाकडं करून भिंतीकडं बघू लागला. शेवटी साहेबांनी पेन खाली ठेवलं, डोळे चोळले आणि मला जा म्हणाले. मला वाटतं तेही दमले होते.

मग काय लिहिलं ते आम्हाला मुकादमानंच सांगितलं. जोरदार वाऱ्यामुळं काच फिरली. कुणाचाच दोष नाही. रेवण्णाचा दवाखाना कंपनीनं केला. चंपाक्का कामावर राहिली. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकत्र उभं करून नवे नियम सांगितले. दोरावर शिट्टी वाजवायची, एक शिट्टी म्हणजे धर, दोन म्हणजे सोड. साइटवर सगळ्यांनी हिंदीच बोलायचं. आणि बायकांनी दोराला हात लावायचा नाही.

"वाऱ्याला काय बोलले न्हाईत," चंपाक्का म्हणाली. "कागदावर चूक त्येची, आणि शिक्षा आमास्नी."

मला तेव्हा वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्या दोराची मला भीती बसली होती. चंपाक्काला मात्र तो दोर आवडायचा. ती पुन्हा मान वर करून फिल्म काढायला लागली आणि बरेच दिवस बोलायची कमी झाली. सांजच्याला बसमध्ये शेजारी बसली तरी खिडकीतून बाहेर बघायची. मी एकदा विचारलं, चिडलीस काय माझ्यावर? ती म्हणाली, "तुझ्यावर कशाला. मी सोडलं ते सोडलंच की."

मधे एकदा तिनं दवाखान्यात जायचं काढलं. आम्ही बेळगावात खडेबाजारात उतरून मोसंबी घेतली, पण दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. "काय तोंड दावायचं," म्हणाली. मोसंबी आम्ही घरी नेली.

रेवण्णा परत आला तो महिन्याहून जास्त गेल्यावर. हाताला पट्टी. चिरडलेली दोन्ही बोटं वाचली होती, पण ती वाकत नव्हती. काचेला हात लावायचं काम आता त्याच्याच्यानं होणार नव्हतं. कंपनीनं त्याला स्टोअरवर बसवलं. सिलिकॉनच्या नळ्या, टेप, फडकी, हातमोजे द्यायचे आणि घ्यायचे. आम्ही सकाळी हातमोजे घ्यायला गेलो तेव्हा तो डाव्या हातानं देत होता. 'अक्का' म्हणाला आणि पुढचे मोजे काढायला वळला. चंपाक्कानं मोजे घेतले आणि खाली बघून निघून आली.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही इमारतीच्या मागच्या सावलीत डबे सोडून बसलो होतो. रेवण्णा आपणच तिथं आला. थोडं लांब, सिमेंटच्या ठोकळ्यावर बसला. त्याला बोलायचं होतं, पण सुरुवात होत नव्हती. तसली माणसं मला ओळखू येतात.

चंपाक्कानंच सुरुवात केली. "मेस्त्री, आता कागद झाला. सायेब बी गेला दुसऱ्या साइटवर. इथं कोण न्हाय. त्या दिशी तुमी काय म्हणलासा?"

"हिडी," रेवण्णा म्हणाला. "हिडी अंदे, अक्का. तप्पाय्तु."

हिडी म्हणालो, चुकलं माझं. एवढं कानडी मलाही कळत होतं.

"तुमचं कशात चुकलं?" चंपाक्का म्हणाली. "धर म्हणायचं, धर म्हणलासा. सोडलं मी."

मग तो सावकाश बोलला, निम्मं कानडीत, निम्मं त्याच्या मोडक्या मराठीत. वारा आला, काच हलली, तो भ्याला. 'हिडकोळ्ळी' म्हणायला वेळ नव्हता. पोरांना म्हणतो तसं तोंडातून 'हिडी' गेलं. एवढ्या मोठ्या बाईला मी तसं बोलायला नको होतं, म्हणाला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला हाताइतकंच ते लागून राहिलं होतं.

चंपाक्कानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. मला वाटलं आता रडते.

"माझ्या कानावर हिडीच आलं हुतं, मेस्त्री," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघत राहिले. हे तिनं साहेबालाही सांगितलं नव्हतं आणि मलाही.

"हिडीच ऐकलं. पर मनात आलं, ह्यो माणूस मला 'हिडी' म्हणायचा न्हाय. कवाच म्हणला न्हाय. मला म्हणायचं तर हिडकोळ्ळी म्हणंल. मग बिडीच म्हणला आसंल, वाऱ्यात माझ्याच कानानं घोटाळा केला. म्हणून सोडलं." तिनं भाकरी डब्यात ठेवली. "बाकीच्या मेस्त्रींगत रोज 'ए बाई' म्हणला असतासा, तर त्या दिशी मला बरोबर कळलं असतं. तुमचा हात ऱ्हायला असता."

रेवण्णाला सगळं मराठी समजलं का ते मला माहीत नाही. पण तो हसला. त्याला हसताना बघून मला बरं वाटलं, आणि मग त्याचं लक्ष पट्टीकडं गेलं आणि हसू थांबलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. आम्हा तिघांपैकी कुणालाच कुणावर रागवायचं सुचत नव्हतं. राग आला असता तर सोपं गेलं असतं असं मला आजही वाटतं.

"आता म्हणा की एकदा," चंपाक्का म्हणाली. "हिडी म्हणा मला. बिनआदराचं. सवय हू दे."

"ब्याड, अक्का." नको.

"म्हणा म्हणते न्हवं मी."

रेवण्णानं मान खाली घातली. ओठ हलले, पण काही केल्या त्याच्या तोंडून तो शब्द निघेना. चंपाक्का वाट बघत बसली. मग तिनं डब्याचं झाकण लावलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "बसा मग तसंच अक्का अक्का करत."

आम्ही हातमोजे घातले आणि उन्हाकडच्या बाजूला गेलो. त्या बाजूची फिल्म अजून काढायची होती आणि पत्रा तापायला लागला होता.